नंबर दोनदा

रावेरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी परत कॉल जोडायच्या बोर्डावर बसले तो सोमवार होता. ऐंशीनंतरची गोष्ट, तेव्हा तिथल्या फोनला डायल नसायची. रिसीव्हर उचलला की आम्हा ऑपरेटरचं 'नंबर प्लीज' कानावर यायचं... गावात माझी ओळख तेवढीच. भुसावळहून गाडीने येणारी, कोणी न पाहिलेली फोनवाली ताई.

गळ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे दीड-दोन महिने घरी होते. आवाज जेमतेम परत आला होता, तोही फाटका. डॉक्टर म्हणाले, कामापुरतंच बोला. आता ऑपरेटरचं कामापुरतं म्हणजे दिवसभर!

साहेब चांगले होते. म्हणाले, आठवडाभर बघू, नाही जमलं तर जळगावच्या ऑफिसात टेबलावर बसा. मला ते नको होतं. मला माझा बोर्डच हवा होता.

अडचण एकच... बाहेरगावच्या ट्रंक कॉलचा नंबर कोणी सांगितला की आम्ही तो पूर्ण, मोठ्याने परत म्हणायचा. एक आकडा चुकला तर कॉल भलतीकडेच. त्यात सकाळी केळीवाल्यांची झुंबड. दिल्लीचा भाव कळल्याशिवाय बागेत घड कापायला माणसं हलायची नाहीत.

पहिला फोन आबांचा. केळीचे मोठे व्यापारी आणि माझ्याशी रोज भांडणारे... लाइन लागायला उशीर झाला की जणू मीच तारा तोडल्यात! मी नंबर परत म्हटला तर म्हणाले, "तू कोन व? आमच्या ताईले दे."

मीच ती, ऑपरेशन झालंय, एवढं कसंबसं सांगितलं. पलीकडून रिसीव्हर ठेवल्याचा आवाज आला.

दुपारपर्यंत गळ्यातून नुसती हवा यायला लागली. आबा साहेबांकडे तक्रार करणार, हे मी धरूनच चालले. परतीच्या गाडीत खिडकीकडे तोंड करून रडले.

मंगळवारी सकाळी आबांच्या नंबरचा दिवा लागला. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "ताई, तू बोलू नको. मीच नंबर दोनदा सांगतो. तू नुसतं हो म्हन." आणि एकेक आकडा सुटा करून त्यांनी दोनदा सांगितला. या माणसाला इतकं सावकाश बोलता येतं हे मला ठाऊकच नव्हतं.

पुढचा फोन दुसऱ्या केळीवाल्यांचा... तेही दोनदा. त्याच्या पुढचाही. मला काही कळेना. शेवटी एकाने सांगून टाकलं, "काल आबानं सगयायले सांगितलं व ताई. तुले बोलाले लावायचं नाई."

हात बोर्डावर चालू होते, पण समोरचे दिवे धूसर दिसत होते.

आठवडा निभावला. मग महिनाही. आवाज हळूहळू आला, थोडा घोगरा राहिला तो राहिलाच. एका सकाळी आबांनी नंबर दोनदा सांगितला आणि मी तो सगळाच्या सगळा, मोठ्याने परत म्हटला.

मग रिसीव्हर बाजूला धरून ते आपल्या माणसांना ओरडून सांगताना ऐकू आले, "अरे, ताई बोलली रे!"

आबांना मी कधीच पाहिलं नाही. पुढे डायलचे फोन आले, बोर्ड गेला... पण आजही गळा बसला की तेच आठवतात.

मी नंबर मोठ्याने म्हटला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी तो एकदाच सांगितला, तोही घाईघाईत. आणि लाइन लागेना म्हणून माझ्याशी कडाकडा भांडले. इतकं बरं मला कुठल्याच औषधाने वाटलं नव्हतं.