न उघडलेली प्रत

"हात वर," काकाजी म्हणाले की आम्ही दोघंही खरोखरच हात वर करायचो. कीबोर्डवरची बोटं उचलायची, तळवे छातीपुढे धरायचे आणि कॉम्प्युटरवर जे काही लिहून आलंय ते मोठ्याने वाचायचं. सगळं वाचून झालं की ते म्हणायचे, "आता खाली." मग एक बटण दाबायचं. एकच. बाहेरच्या बाकावर बसलेल्या नवीन गिऱ्हाइकाला वाटायचं, आत दरोडा पडलाय.

असं एखादं माणूस तुम्हीही पाहिलं असेल. घराबाहेर पडताना कुलूप लावतं, ओढून बघतं, चार पावलं जातं आणि पुन्हा मागे येतं. लोक अशांना हसतात. मी हसत नाही, कारण मी त्यांच्यातलीच. फक्त मला वाटायचं की हा माझा रोग आहे. हे कामाला येऊ शकतं, हे मला त्यांनी दाखवलं.

त्यांचं ऑफिस कसबा पेठेत, तांबट आळीच्या तोंडाशी. दिवसभर भांडी ठोकल्याचा आवाज. आधी ते एका मोठ्या कंपनीत हिशेब खात्यात होते. कंपनीत कॉम्प्युटर आले आणि यांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. "स्वेच्छा कंपनीची, निवृत्ती माझी," असं ते सांगायचे. मिळालेल्या पैशातून त्यांनी पहिल्यांदा कॉम्प्युटरच घेतला. "ज्याने मला काढलं त्यालाच घरी आणला. म्हटलं, डोळ्यांसमोर असलेला बरा."

पुढे सरकारी कामं एकेक करून इंटरनेटवर गेली. परवाने, विवरणपत्रं, बिलं, मुलांचे प्रवेश. मंडईतले गाळेवाले, आळीतले तांबट, गिरणीवाले, सगळे त्यांच्याकडे येऊन फॉर्म भरून घ्यायचे. प्रत्येक ठिकाणी नवा पासवर्ड, आणि तो ठेवायचा कुठे, तर यांच्याकडे. "बायकोला सांगत नाहीत ते मला सांगतात," ते म्हणायचे. "आणि बायको बरोबर करते, विचारत नाही."

मी आले गोंदियाकडून. आठवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. नवरा खराडीला आयटी कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत लागला, म्हणून येरवड्यात खोली केली. ओळखीच्या एका बाईंनी या ऑफिसचं नाव सुचवलं. समोर बसायचं, कागद घ्यायचे, नावं पुकारायची, एवढंच काम.

"राहता कुठे?"

"येरवड्याला जी."

"आत की बाहेर?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी म्हटलं, "बाहेरच जी. भिंतीपासून लांब." त्यांच्या तोंडावरची रेषा हलली नाही.

"शिक्षण?"

"आठवी."

"कुलूप लावल्यावर ओढून बघता का?"

"बघते न जी. दोनदा."

"उद्यापासून या."

मी त्यांना काकाजी म्हणायची, आमच्याकडे म्हणतात तसं. आळीतले लोक गालात हसायचे. ते गिऱ्हाइकांना सांगायचे, "आम्हाला गोंदियाहून बढती आली आहे. तुम्ही अजून काकावरच ठेवलंय." मला मात्र ते कायम 'अहो बाई'च म्हणाले. आठवी पास बाईला कोणी अहो म्हणतं, हे मी गावी फोन करून आईला सांगितलं होतं.

पहिल्याच महिन्यातली गोष्ट. मी कामावर आले आणि मनात आलं, गॅस बंद केला की नाही? एका तांबटाचं नाव मी तीनदा चुकीचं पुकारलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"काय झालं?"

सांगितलं. मला वाटलं, आता पुणेरी काहीतरी ऐकायला मिळणार.

"जा, बघून या. इथे बसलात तर फॉर्ममध्ये गॅस भराल."

बसने येरवड्याला गेले, गॅस बंदच होता, बसने परत आले. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून सकाळी मी आत आले की ते कॉम्प्युटरसमोर बसता बसता विचारायचे, "गॅस बंद केलात ना?" मी म्हणायची, "केला जी. दोनदा पाहिला." ते "हं" म्हणायचे आणि कामाला लागायचे. पुढे वर्षानुवर्षं आमची सकाळ अशीच सुरू झाली. एकदा असं म्हणून टाकलं की दिवसभर गॅस माझ्या डोक्यात येत नसे. डॉक्टरला दाखवून जे झालं नसतं ते या एका प्रश्नाने झालं.

सगळ्यांचे पासवर्ड एका सॉफ्टवेअरमध्ये होते. ते त्याला तिजोरी म्हणायचे. तिजोरी म्हणजे त्याच एका कॉम्प्युटरवरची एक फाइल, दुसरीकडे कुठे नाही. ती उघडायला एक मुख्य पासवर्ड. तो त्यांच्या डोक्यात. विसरला तर सॉफ्टवेअर बनवणाराही उघडून देऊ शकत नाही, असं त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की ते आधी फाइलची प्रत काढायचे. बॅकअप हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही, हिशेब खात्यातला माणूस, प्रतच म्हणायचे. प्रत पेन ड्राइव्हवर घ्यायची, मागच्या खोलीतल्या जुन्या लॅपटॉपवर नेऊन उघडून बघायची, दोन-चार नावं तपासायची, आणि मगच "आता खाली". मी एकदा म्हटलं, "काकाजी, प्रत तर काढली न. उघडून कायले पाहून राहिले?"

"न उघडलेली प्रत म्हणजे नुसती श्रद्धा," ते म्हणाले.

श्रद्धा त्यांच्याकडे होतीच. दसऱ्याच्या आधी ते मला न विचारता सुट्टी द्यायचे. "नागपूरचं तिकीट काढलंत का? दीक्षाभूमीला गर्दी असते, डबा दोन वेळचा घ्या." एका वर्षी मी दसरा करून परत आले. नवी आवृत्ती आली होती, म्हणून त्यांनी प्रत उघडायला पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावला. काही दिसेना. काढून उजेडात धरला. त्याच्या तोंडात कुंकू. दसऱ्याला त्यांनी कॉम्प्युटरची पूजा केली होती, आणि ज्याच्यावर सगळी मदार त्या पेन ड्राइव्हला ओल्या कुंकवाचा ठिपका जरा जास्तच भक्तीने लावला होता. वर अक्षता.

मी हसू दाबून उभी होते. ते बराच वेळ पेन ड्राइव्ह फिरवून बघत राहिले.

"उघडून बघितलं म्हणून कळलं," ते शेवटी म्हणाले. "नाहीतर आपण देवावर सोडलंच होतं." त्यानंतर दसऱ्याला माऊसला कुंकू लागायचं. नव्या पेन ड्राइव्हला लांबूनच फूल.

मग एक दिवस तो जुना कॉम्प्युटरच बदलायची वेळ आली. सरकारी साइट त्याच्यावर उघडेनाशा झाल्या होत्या. नव्या मशीनवर जुनं सॉफ्टवेअर चालत नव्हतं, नवंच घालावं लागणार होतं. म्हणजे तिजोरी घर बदलणार होती. त्यांचा मुलगा हिंजवडीला नोकरीत. त्याने एक इंजिनिअर पाठवला. पोरगा चांगला होता, पण त्याला पुढे दुसरीकडे जायचं होतं.

"काका, सगळं क्लाउडवर टाका ना. टेन्शनच नाही."

"घराची किल्ली शेजारी ठेवतात. अमेरिकेत नाही."

प्रत निघाली, लॅपटॉपला लावली. फाइल यादीत दिसली. इंजिनिअर म्हणाला, "आली ना फाइल? मग आता जुनं मशीन फॉरमॅट करतो." मी जुन्या कॉम्प्युटरसमोर जाऊन उभी राहिले. "नवं उघडल्याबिगर जुनं पुसायचं नाही जी. यांनीच शिकवलं." काकाजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "ऐका त्यांचं. त्या येरवड्याहून येतात."

नव्या मशीनवर नवं सॉफ्टवेअर घातलं. त्याने मुख्य पासवर्ड मागितला. काकाजींनी नव्या कीबोर्डवर हात ठेवले. चपटा, काळा, बटणं न दबणारी. त्यांनी टाइप केलं. चुकीचा आहे, असं आलं. पुन्हा केलं. पुन्हा चुकीचा. तिसऱ्यांदा त्यांची बोटं मध्येच थांबली.

"हात वर," ते स्वतःलाच म्हणाले. आवाज बारीक.

"काका, काय आहे ते सांगा, मी टाकतो," इंजिनिअर म्हणाला.

ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "बाई, मला तो येत नाही. बोटांना येतो."

किती वर्षं ते रोज सकाळी तो टाइप करत होते. डोक्यातून तो कधी हातात उतरला आणि डोकं कधी रिकामं झालं, त्यांना कळलंच नव्हतं. "मग जुन्यावरच टाका," इंजिनिअर म्हणाला. जुन्या कॉम्प्युटरवरची तिजोरी सकाळी उघडून पुन्हा आपोआप बंद झाली होती. ते जुन्या खुर्चीत बसले, जुन्या कीबोर्डवर हात ठेवले. पण आता सगळे त्यांच्या बोटांकडे बघत होते आणि ते स्वतःही बघत होते. बोटं लाकडासारखी झाली. मागच्या खोलीत जाऊन लॅपटॉपवर करून आले, तेच. चुकीचा. चुकीचा.

लॅपटॉपवर, पेन ड्राइव्हवर, दोन्ही कॉम्प्युटरवर प्रती होत्या, आणि एकही उघडता येत नव्हती. अर्धी पेठ आणि मंडईचे गाळे त्या एका पासवर्डच्या मागे अडकले होते. माझी नोकरीही तिथेच. ती गेली असती तर एकट्या नवऱ्याच्या पगारावर पुण्यात राहता आलं नसतं. पण खरं सांगते, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर नोकरी नव्हती. त्यांचे कान लाल झाले होते, आणि ते रुमाल शोधत होते जो त्यांच्या हातातच होता. लोक विश्वासाने देऊन गेलेली वस्तू हरवली, हे त्यांना आळीत दारोदार जाऊन सांगावं लागलं असतं. ते सांगायला ते गेलेही असते, आणि परत आल्यावर त्यांनी शटर उघडलं नसतं.

मी इंजिनिअरला म्हटलं, "दादा, जरा कोपऱ्यावरून चहा घेऊन या न. तीन." तो गेला. मी काकाजींची पिशवी उचलून सकाळी ठेवतात तिथे खुंटीवर लावली. उदबत्ती लावली. मग माझी पर्स खांद्याला अडकवून बाहेर रस्त्यावर गेले, थोडं थांबले, आणि आत आले.

"आले जी."

त्यांनी मान वर केली. आधी त्यांना काही कळलं नाही. मी पर्स खिळ्याला लावली, पदर खोचला, कागदाचा ट्रे पुसायला घेतला. त्यांच्याकडे पाठ केली. बाहेर ठोके चालूच होते. मग मागून आवाज आला, रोजच्यासारखा, जरा घोगरा.

"गॅस बंद केलात ना?"

"केला जी. दोनदा पाहिला."

"हं," ते म्हणाले, आणि मला कीबोर्डचा आवाज ऐकू आला, एका दमात, न थांबता.

"उघडली," ते म्हणाले. मग लगेच, "हात वर. कुणी हात लावू नका." तिथे माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी दोन्ही हात वर केले. एका हातात फडकं होतं.

इंजिनिअर चहा घेऊन आला तोवर त्यांनी मुख्य पासवर्ड बदलला होता. बदलायच्या आधी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि नवा काय ठेवायचा ते दोघांनी ठरवलं. मग तो त्यांनी माझ्याकडून म्हणून घेतला, पुन्हा म्हणून घेतला, माझ्याकडून टाइप करून घेतला. तुम्ही विचाराल, काय ठेवला? ते मी इथेही सांगणार नाही.

नव्याने प्रत काढली, लॅपटॉपवर उघडली, नव्या मशीनवर उघडली. दोन-चारऐवजी सगळी नावं तपासली. इंजिनिअरचं पुढचं काम त्या दिवशी हुकलं.

तो गेल्यावर ते गार झालेला चहा पीत बसले. "माझं डोकं," ते म्हणाले, "ही एकच प्रत होती. आणि ती मी कधी उघडून बघितली नाही."

जुना कॉम्प्युटर त्यांनी तरीही लगेच पुसू दिला नाही. टेबलाच्या बाजूला, वर त्यांच्या बायकोची जुनी साडी पांघरून, तो कितीतरी दिवस तसाच होता.

पुढे त्यांना हृदयाचं दुखणं निघालं. ऑफिसात येणं कमी झालं. मी दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा नाकात नळी, आणि आजूबाजूला त्यांचा मुलगा, सून. मला बघून त्यांनी दोन्ही तळवे गादीवरून थोडे उचलले. मुलाला वाटलं, त्यांना उठून बसायचंय. मी सांगितलं, "नाही जी. सगळं तपासा म्हणून राहिले." मग मी त्यांना एकेक सांगितलं. प्रत काढली, उघडून पाहिली, मंडईवाल्यांचे परवाने भरले. त्यांनी तळवे खाली ठेवले.

ते गेल्यावर मुलगा ऑफिसात आला. आळीतली माणसं बाहेर उभी होती, तोंडं उतरलेली. दुःख होतंच, पण कुणी विचारत नसलेला एक प्रश्नही होता. मुलाने तो विचारला. "बाबांचा पासवर्ड कुणाला माहीत आहे?"

"मला," मी म्हटलं.

ऑफिस आता मी चालवते. मुलगा महिन्यातून एकदा येतो. मध्यंतरी समोर बसायला एक बाई ठेवली, तिला पासवर्ड देऊन, म्हणून घेऊन झालंय. नवी आवृत्ती आली की आम्ही दोघी हात वर करतो.

सकाळी मात्र मी तिच्या आधी येते. शटर उघडते, उदबत्ती लावते, बसते. बोटं कीबोर्डवर ठेवते. पासवर्ड मला पाठ आहे, डोक्यात आहे, पण बोटं थांबून राहतात, कुणीतरी विचारायची वाट बघत. बाहेर पहिला ठोका पडतो.

"केला जी," मी म्हणते. "दोनदा पाहिला."

आणि मग तिजोरी उघडते.