दाराबाहेरचं खाकरणं

नांदेडला भावाच्या गच्चीवर शनिवारी संध्याकाळी त्याचे मित्र जमतात. त्यांच्या बायकाही असतात. भावजय स्वतःचा ग्लास स्वतः भरते, एक माझ्यापुढं सरकवते, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मला मात्र पहिल्या घोटाआधी आजा आठवतो.

आजा मुदखेडजवळच्या खेड्यातला. तरुणपणी ओढ्याकाठी गावाबरोबर शिंदी प्यायचा. बरोबर म्हणजे चार हात लांब बसून. इतरांना पळसाचा द्रोण मिळायचा, याच्या ओंजळीत वरून धार सोडायचे. धम्म घेतला त्या दिवसापासून त्यानं थेंब तोंडाला लावला नाही. "शिंदी वाईट नव्हती पोरी," म्हणायचा, "ते ओंजळीनं पिणं लई वाईट होतं."

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा बाबांना तिथं कारकुनी मिळाली. वर्षं दुष्काळाची. गावातल्या विहिरी आटल्या म्हणून आजा आमच्याकडं राहायला आला. बाहेरून आला की दाराशी खाकरून मगच आत पाऊल टाकायचा. बाबा ऑफिस सुटल्यावर लोकांबरोबर परमिट रूममध्ये जायचे. एकदा आज्याला वास आला.

"पिऊन आलास?"

"हाव, दादा," बाबा खाली बघत म्हणाले. "पण साहेबाच्या टेबलावर बसतो मी. एकाच बाटलीतली घेतो. न्हाई म्हणलं तर परत लांबच बसावं लागंल."

"बस मंग," एवढंच आजा म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी त्या कोरड्या गावी परत गेला. त्याच उन्हाळ्यात तो वारला.

पुढं बाबा बाहेर बसेनासे झाले. घरीच, आतल्या खोलीला कडी लावून प्यायचे. ग्लास भरला की एकदम थबकायचे. "दादा खाकरले." ग्लास खाटेखाली सरकवून बाहेरच्या दारापर्यंत जाऊन यायचे.

"कुणी न्हाई. वारा हाय," आई म्हणायची.

एका संध्याकाळी ती तसं म्हणाली नाही. स्टोव्हपुढून उठली आणि सासरा घरात आल्यावर घ्यायची तसा डोक्यावर पदर घेतला.

त्यानंतर बाबांनी कडी लावणं सोडलं. पिणं नाही सोडलं. दार उघडं टाकून बसायचे आणि रिकाम्या उंबऱ्याला ऑफिसातलं सांगायचे: आज कोण कुणाशेजारी बसलं, कुणी कुणाच्या हातचा चहा घेतला. मधेच थांबायचे, कान द्यायचे, आणि हळूच म्हणायचे, "न्हाई दादा, तसं न्हाई."