अण्णांच्या नाडीचा आरोपी

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोपरीला आमच्या घरी पोहे खात होतो. पहिला विचार हाच आला, की आता हेसुद्धा माझ्याच नावावर जाणार. अण्णा म्हणजे माझे थोरले साडू, बायकोच्या ताईंचे यजमान. पंचवीस वर्षं मला ते आवडले नाहीत, आणि गेल्यावर महिन्याभरात आवडायला लागतील असं काही दिसत नाही.

हृदयविकाराचा पहिला झटका येऊन गेल्यावर डॉक्टरांनी त्यांना रोज सकाळी, अंथरुणातून उठायच्या आधी, नाडीचे ठोके बघायला सांगितले होते. स्वस्थ पडलेलं असतानाही ठोके चढत राहिले तर हृदयाच्या रुग्णासाठी तो पुढच्या त्रासाचा इशारा असू शकतो, लगेच कळवा, असं बजावलंही होतं. बोटाला लावायचं ते चिमट्यासारखं यंत्र अण्णांनी त्याच संध्याकाळी आणलं, आणि त्यानंतर त्यांच्या घरात दुसऱ्या कुणी वाद जिंकला नाही. ताईंनी माहेरी जायचं काढलं, की बोटाला चिमटा. मुलाने वेगळं बिऱ्हाड करतो म्हटलं, की चिमटा. सोसायटीच्या सभेत सेक्रेटरीच्या नाकासमोर ते बोट धरून त्यांनी सावलीतलं पार्किंग मिळवलं. मी दारात चपला काढत असतानाच आतून आवाज यायचा, "बघ, आला तुझा लाडका सुधीर. ब्याऐंशीचे चौऱ्याण्णव."

"ताई, मला चहा आणि यांना ॲम्ब्युलन्स," मी म्हणायचो.

गेल्या दिवाळीनंतर मात्र सकाळचेच आकडे चढायला लागले. ते मला फोन करून सुनावायचे. "काल येऊन गेलास ना? त्याचे भोग हे."

"अण्णा, डॉक्टरांना कळवा."

"कारण माहीत असताना डॉक्टर कशाला? कारण कोपरीला राहतं."

ताईंनी डॉक्टरांचं नाव काढलं, की पुन्हा चिमटा. मग मी हट्टाने महिनाभर तिकडे पाऊल टाकलं नाही. आकडा चढतच राहिला. मी मुद्दाम फोन केला. "आता कोणामुळे?" पलीकडे बराच वेळ शांतता... "तू कधीही टपकशील, त्या धास्तीनं."

डॉक्टरांकडे गेले असते तर मी निर्दोष ठरलो असतो. तेवढं त्यांना जमलं नाही. घाबरले होते, हे मला त्या शांततेत कळलं होतं. पण घाबरलोय म्हणण्यापेक्षा सुधीरमुळे म्हणणं त्यांना सोपं गेलं. याचा राग अजून उतरलेला नाही.

परवा ताईंकडे गेलो. दार उघडलं, चपला काढल्या, आतून काहीच आवाज आला नाही. ताई चहा ठेवायला गेल्या. टीपॉयवर ते यंत्र होतं, समोर भिंतीवर हार घातलेले अण्णा. मी चिमटा बोटाला लावला. चौऱ्याहत्तर. "बघा अण्णा," मी म्हटलं, "तुम्ही समोर असूनसुद्धा."

उत्तराची वाट बघत बसलो... आकडा हळूहळू वर जायला लागला.