साडूंची मुकी केबिन

सुरत शहरात बाकी सगळं मिळतं, शांतता तेवढी मिळत नाही. ती चिंध्या, गोणपाट आणि डांबर यांतून स्वतःच्या हातानं तयार करणारा एकच माणूस माझ्या पाहण्यात आला आणि तो माझा सख्खा साडू होता, हे सांगताना आजही माझी छाती फुगते. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. नव्वदच्या दशकात आम्ही दोघंही डिंडोलीत एकाच गल्लीत राहत होतो. मी कापड मार्केटात एका पेढीवर मेहताजी, म्हणजे हिशेबनीस होतो आणि ते एका म्हाताऱ्या पिकअपचे मालक, चालक आणि त्यांच्या मते तिचे एकमेव जाणकार होते. लूमच्या खात्यातून, म्हणजे मागाच्या कारखान्यातून, ग्रे म्हणजे न रंगवलेल्या कापडाचे ताके उचलायचे आणि डाइंग मिलला पोचवायचे हा त्यांचा धंदा. पिकअप घेण्याआधी त्यांनी अर्धं आयुष्य पॉवरलूमवर काढलं होतं, आणि पुढे जे घडलं त्याचं मूळ त्या लूममध्येच होतं.

लूमवर राबलेला माणूस हळू बोलूच शकत नाही. साडू जेवताना मीठ मागायचे तेव्हा कोपऱ्यावरचा किराणावाला दचकायचा. एकदा गल्लीत कुणाकडे सांत्वनाला गेले आणि "जाऊ द्या, झालं ते झालं" हे त्यांनी अशा काही सुरात म्हटलं, की बाहेरचे लोक भांडण सोडवायला आत आले. त्यांचं घर लूमच्या खात्याला भिंत लावून होतं. त्या खटखटाटात ते तान्ह्या बाळासारखे झोपायचे, आणि लाइट जाऊन लूम बंद पडले की ताडकन उठून बसायचे. शांतता झाली म्हणजे काहीतरी बिघडलं, अशी त्यांची समजूत होती. माझी मेहुणी तर आमच्या अहिराणीत म्हणायची, "आमना घरमा गुपित काही राहतच नही. मी कानमा सांगं तरी गल्लीले कळस."

आणि त्यांची ती पिकअप. तिच्या आवाजांविषयी लिहायचं तर कागद पुरणार नाही. दारं आपसात भांडायची, काचा थंडी भरल्यासारख्या थडथडायच्या, गिअरची दांडी हातात धरली की कोपरापर्यंत मुंग्या यायच्या. इंजिन तर थेट मांडीवर बसल्यासारखं गुरगुरायचं. एकदा मी त्यांच्यासोबत बारडोलीपर्यंत जाऊन आलो आणि परतल्यावर शेठशी इतक्या मोठ्यानं बोललो, की शेठनं काळजीनं विचारलं, "मेहताजी, तबियत तो सारी छे ने?" साडूंना मात्र त्या आवाजाचा अभिमान होता. गाडी बोलते म्हणजे जिवंत आहे, असं ते सांगायचे.

म्हणून एका थंडीत त्यांनी केबिनचा आवाज घालवायचं मनावर घेतलं तेव्हा गल्लीनं त्यांच्या डोक्यावर परिणाम झाला असंच धरलं. पहिल्यांदा त्यांनी सीट उपटून अंगणात टाकली. मग केबिनचा तळ घासूनपुसून लखलखीत केला आणि त्यावर डांबराचे पट्टे स्टोव्हवर गरम करून पाटा-वरवंट्यातल्या वरवंट्यानं दाबून बसवले. तो वरवंटा पुढे चटणीला चालेना, हे वेगळं. पत्रा थरथरतो म्हणून आवाज होतो आणि त्याच्या अंगावर वजन ठेवलं की तो गप्प बसतो, हे त्यांना कुणी शिकवलं होतं देव जाणे. ते म्हणायचे, "लूमना पाटाखाल गोणपाट ठेवं की तो चुप बसस. हाई बी तसंच शे." डांबरावर गोणपाट आलं, गोणपाटावर लोकरीचा जाड नमदा आला. दारांच्या फटींना सायकलच्या ट्यूबा कापून चिकटवल्या. दारांच्या पोकळीत त्यांनी मिलमधली सुती चिंधी ठासून भरली, आणि हे मात्र फसलं. सर्व्हिसिंगला गाडी धुतली तेव्हा ती चिंधी सगळं पाणी पिऊन बसली. पुढचे कित्येक दिवस दार उघडलं की पायावर धार यायची आणि केबिनमध्ये ओल्या कुत्र्याचा वास. शेवटी ती काढून तिथे साड्यांच्या पॉलिएस्टर कातरणी भरल्या, त्या पाणी पीत नाहीत.

छताचा प्रश्न मेहुणीनं सोडवला. तिनं साडीच्या तुकड्यांची जाडजूड गोधडी शिवली आणि साडूंनी ती छताला ठोकली. त्यामुळे केबिनमध्ये बसून मान वर केली की जांभळी कमळं, हिरवे पोपट आणि कुणाच्या तरी लग्नाच्या साडीचा राहिलेला पदर दिसायचा. "घरमा एक गोधडी धड नही, नि गाडीले नवी कोरी," असं मेहुणी बडबडत होती, पण टाके तिनं इतके बारीक घातले होते की माझ्या बायकोला हेवा वाटला. काम पुरं झालं तेव्हा साडूंनी मला आत बसवलं, काचा वर केल्या, गाडी चालू केली आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मला खरोखर वाटलं गाडी बंद पडली. मी म्हटलं, "साडूभाऊ, सुरू तर करा." तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तसा मी त्यांच्या पोरीच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. गल्लीच्या तोंडाशी पिकल्या मिशांचा एक गुजराती गॅरेजवाला होता. तो एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "काका, आमां तो ऊंघ आवी जशे."

झोप नाही आली, दुसरंच संकट आलं. आमच्याकडे टेम्पो मागे घेताना हमाल मागच्या फळीवर थाप मारतो. दोन थापा म्हणजे येऊ द्या, एक थाप म्हणजे थांबा. आता त्या थापा आत पोचेनात. एका डाइंग मिलच्या फाटकापाशी हमाल जीव तोडून फळी बडवत होता आणि साडू शांतपणे गाडी मागे घेत घेत पानाच्या गल्ल्यात, म्हणजे टपरीत, शिरले. कुणाला लागलं नाही, पण मिलच्या साऱ्या भिंतीवर चुना आणि कात यांची रंगपंचमी झाली. हमाल म्हणाला, "सेठ, हम पीट-पीटकर मर गए, आप सुनते ही नहीं." यावर दुसरा माणूस काच खाली करून चालवू लागला असता. साडूंनी मागून पुढे एक सुतळी आणली, तिचं एक टोक हमालाच्या हाती दिलं आणि दुसरं स्वतःच्या दंडाला बांधलं. त्यानंतर डिंडोलीपासून भेस्तानपर्यंतच्या सगळ्या मिलांतले हमाल त्यांना बैलासारखे हाकू लागले, आणि त्यांना त्यात काडीचाही कमीपणा वाटला नाही.

मी त्यांची यथेच्छ चेष्टा करत होतो. शेवटी एक दिवस मेहुणीनं मला बाजूला घेतलं आणि खरं काय ते सांगितलं.

त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न दोन वर्षांपूर्वी साक्रीच्या पुढच्या एका खेड्यात झालं होतं. आम्हा खानदेशी लोकांत आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा दिवाळीपेक्षा मोठा सण, सासुरवाशिणींनी माहेरी यायचा आणि झोके घ्यायचा सण. तिला आणायला माहेरचा माणूस जातो, त्याला मुराळी म्हणतात. पहिल्या आखाजीला साडू स्वतःच मुराळी होऊन पिकअप घेऊन गेले. सासरी पोरीला बापाशी बोलता येत नाही, सासू कोपराला कोपर लावून बसलेली असते. माहेरी आलं की घरभर बायका, आणि भिंतीपलीकडे लूम. बापलेकीला एकमेकांचं म्हणून मिळतं ते फक्त रस्त्यावर. पोरगी त्या रस्त्यावर साक्रीपासून नवापूरपर्यंत बोलत होती आणि साडू "हां, हां, होई जाई" म्हणत होते. सण झाला, त्यांनी तिला परत नेऊन सोडलं. त्यानंतर ती दिवाळीला आलीच नाही. आई भेटायला गेली तेव्हा पोरगी एवढंच म्हणाली, "मी आबाले सगळं सांगेल शे. एकदा सांगं, आते नही सांगाव."

आबांनी, म्हणजे आमच्या साडूंनी, त्यातलं काहीच ऐकलं नव्हतं. लूमनं त्यांचे कान केव्हाच खाल्ले होते. कुणाला कळलं नाही, कारण खात्यातली माणसं आवाजावर बोलतच नाहीत, समोरच्याचे ओठ वाचतात आणि मान हलवतात. समोर बसलं की साडूंना सगळं समजायचं. गाडीत मात्र नजर रस्त्यावर, पोरगी शेजारी आणि इंजिन मांडीवर. खात्यातल्या सवयीनं ते मान हलवत राहिले. आता पोरीनं काय मागितलं होतं आणि आपण कशाला हो म्हणून तिला परत सोडून आलो, हे त्या माणसाला माहीत नव्हतं. आणि बहिरा झालो हे बायकोशिवाय कुणापाशी कबूल करायची लाज वाटत होती. म्हणून हा सगळा डांबर-गोणपाटाचा खटाटोप चालला होता.

पुढच्या आखाजीला काय झालं ते मला पोरीनंच सांगितलं. वैशाखाचं ऊन, काचा बंद, डोक्यावर पोपटांची गोधडी. भट्टीत बसल्यासारखे दोघं घामानं निथळत होते. आणि ती बोलेना. इतक्या शांततेत बोलायचं कसं, हे तिलाही माहीत नव्हतं, तीही त्याच घरात वाढलेली. कोंडाईबारीचा घाट उतरल्यावर साडूंनी गाडी एका झाडाखाली उभी केली आणि म्हणाले, "मागला साली तू बोलनी ते माले ऐकूच उनं नही. माना कान ग्यात. आते सांग, मी ऐकस." पोरगी आधी रडली. सारं वर्षभर ती समजत होती, की बापानं ऐकून सोडून दिलं.

मग तिनं सांगितलं. नवरा चांगला होता, पण थोरल्या भावापुढे तोंड उघडत नव्हता. हिला पहाटेपासून गोठा आणि शेत, सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं जेवण. दोघांनाही सुरतेला यायचं होतं, पण जावयाला सासऱ्याकडे शब्द टाकायचा संकोच. एवढंच होतं. साडूंनी गाडी तिथूनच माघारी वळवली. व्याह्यांच्या ओट्यावर बसून, आपल्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा बेतानं, "माले धंदामा जावईना हातभार जोयजे" असं सांगितलं. अशी मागणी चारचौघांत नाकारणार कोण? त्या आखाजीला मुलगी आणि जावई दोघंही त्याच केबिनमध्ये बसून आले. ते आता भेस्तानला स्वतःच्या घरात राहतात आणि जावयाचे दोन टेम्पो आहेत.

गोष्ट गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. त्यानंतर दर वैशाखात पोरींचे बाप आपल्या पोरीला त्या गाडीतून आणायला साडूंच्या दारात उभे राहू लागले. साडू कुणाला नाही म्हणत नसत. अट एकच, पोरीच्या भावाला पाठवायचं नाही, बापानं स्वतः यायचं. पोरगी गाडीत चढताना संकोचली की ते तिला सांगत, "ड्रायव्हर बहिरा शे बेटा, तू बोल." ज्या गोष्टीची त्यांना इतकी वर्षं लाज वाटली, तीच ते आता अभिमानानं मिरवू लागले होते. किती पोरींनी त्या पोपटांखाली मन मोकळं केलं असेल! आमच्या गल्लीतली दोन घरं मोडता मोडता राहिली ती त्या केबिनमुळे, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

माझ्या मुलीला आणायला गेलो तेव्हा मी मध्ये बसलो होतो. ती सारा रस्ता बोलत होती आणि सगळं चांगलंच सांगत होती. सासू हाक कशी मारते, कढीत काय घालतात, नणंदेशी कशावरून हसू होतं. माझे डोळे भरून आले. साडूही ऐकत असतील म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं, तर ते निर्विकारपणे रस्ता बघत होते. तेव्हा मला कळलं, की ड्रायव्हर बहिरा शे ही गंमत नव्हती. आपण केलेल्या शांततेतलं त्यांना स्वतःला आता काहीच ऐकू येत नव्हतं. नवापूरला चहाला थांबलो तेव्हा त्यांनी मला बाजूला नेऊन विचारलं, "काय बोलनी पोर?" मी त्यांना कढीपासून नणंदेपर्यंत सगळं पुन्हा सांगितलं आणि ते माझ्या ओठांकडे बघत, चहा निववत ऐकत राहिले.

पिकअप पुढे भंगारात गेली. साडूंनी छताची गोधडी तेवढी काढून घेतली. आता आमच्या घरी फोन आहे, मुलीचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा इतका स्वच्छ येतो. मी विचारतो, कशी आहेस? ती म्हणते, बरी आहे. मागे तिच्या घरची माणसं बोलत असतात. इकडे माझ्याभोवतीही सगळे बसलेले असतात. मी बरं म्हणून फोन ठेवतो, आणि मग कितीतरी वेळ मला वाटत राहतं, की उठावं, साडूंना सोबत घ्यावं आणि तिला आणायला जावं.