तिसऱ्या भागापासून

दिवाळी झाली की आमचं घर ऊसतोडीला गुजरातेत जायचं. साक्रीकडच्या आमच्या गावात पावसाच्या शेतीवर वर्ष निघत नाही. माझी शाळा तिथेच थांबायची. होळीला परत आले की वर्ग पुस्तकाच्या शेवटाला पोचलेला. मधलं कळलं नाही तरी मान हलवायची, हे मी तिसरीतच शिकले.

मान हलवत हलवत जळगावच्या कॉलेजात आले. पिंप्राळ्यात खोली घेतली. सोबतची मुलगी असोद्याची. शनिवारी दुपारी ती बसने घरी गेली की सोमवारपर्यंत माझ्याशी बोलणारं कुणी नसायचं.

अशाच एका शनिवारसाठी ग्रंथालयातून जाड कादंबरी आणली. जुन्या राजवटीची गोष्ट, पण तिच्यात किल्ले बोलायचे. पहिल्याच पानावर एक राणी बंद दरवाजाला म्हणते, तू तेव्हाही उघडला नाहीस. तेव्हा म्हणजे कधी, ते पुढे कुठेच येईना. मला त्यात वावगं वाटलं नाही. बाकीच्यांना माहीत असेल, आपणच हजर नव्हतो, असं धरून सहाशे पानं वाचली. त्या राणीशीही किल्ल्याशिवाय कुणी बोलत नव्हतं.

पुस्तक परत करताना ग्रंथालयातल्या बाईंनी विचारलं, आधीचे दोन भाग कुठे मिळाले? नवी बांधणी करताना मुखपृष्ठ गेलं होतं, त्यामुळे हा तिसरा भाग आहे हे मला कळलंच नव्हतं. सवयीने मान हलवून निघून आले. खोलीवर आल्यावर स्वतःचाच राग आला. अर्धी गोष्ट हातात आली आणि मी ती पुरी समजून घेतली, एका शब्दाने कुणाला विचारलं नाही.

रविवारी आबांना, म्हणजे वडिलांना, फोन करून पुस्तकाचं सांगितलं. ते तोडीवर होते. हसतील वाटलं होतं. मागे कोयत्यांचा आवाज चालू होता.

"मंग पहिलं वाच ना माय," ते म्हणाले. "आते तुले कोन लई जास?"

दर दिवाळीला मला वर्गातून उठवून नेणारा माणूस विचारत होता, आता तुला कोण घेऊन जातंय?

सोमवारी बाईंना सांगितलं, "पहिले दोन मी वाचलेले नाहीत. पहिला द्या." त्याच आठवड्यात वर्गातही हात वर केला आणि मला समजलं नाही म्हणाले. मागच्या बाकावर कुणी तरी हसलं. सरांनी पुन्हा सांगितलं.

कादंबरीचे एकूण पाच भाग निघाले, पाचही ओळीने वाचले. दरवाजा का उघडला नव्हता, ते पहिल्या भागात होतं. बी.ए. पहिल्या फटक्यात झाले. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली.