सेमी फायनलचा दुसरा हाफ

आमच्या सोसायटीची सत्यनारायणाची पूजा आटोपली की सगळे प्रसादाचे द्रोण घेऊन गच्चीवर खुर्च्या ओढतात आणि कोणीतरी विषय काढतंच, "ती मॅच आठवते का रे?" कोणती मॅच ते कोणी विचारत नाही. मीरा रोडला आमच्या सिल्व्हर पार्कच्या या बाजूला मॅच म्हटली की एकच. नव्वदच्या आसपासची, पेणकरपाड्याच्या मैदानावरची कबड्डीची सेमी फायनल. हाफ टाइमला आपली टीम इतकी मागे पडली होती की समोरच्यांचा एक माणूस हार आणायला निघालासुद्धा होता. आणि जिंकलो आपण.

मग सुरू होतं. तिसऱ्या मजल्यावरचे काका सांगतात, शेवटच्या चढाईला मी अशी बोंब मारली, अशी बोंब मारली, की पुढे आठवडाभर माझा घसा बसला होता. समोरच्या बेन सांगतात, "मैं तो वहीं पे रो पडी." आणि सगळ्यांच्या वर आवाज आमच्या ह्यांचा. "अरे, पब्लिकने जिंकवली ती मॅच. आपण ओरडलो म्हणून जिंकला तो."

मी शिरा खात ऐकत बसते. त्या दुसऱ्या हाफला यांच्यातला एकही माणूस मैदानावर नव्हता. सगळेच्या सगळे पाणी भरायला गेले होते.

हे ज्याच्याबद्दल बोलतात तो माझा धाकटा दीर. आमचं गाव रत्नागिरीकडचं. आम्ही दादरची भाड्याची खोली सोडून इथे वन रूम किचन घेतलं आणि वर्षभरात तो बॅग घेऊन आमच्याकडे आला. भाईंदरला स्टीलच्या भांड्यांचे गाळे होते, त्यातल्या एकात पॉलिशच्या कामाला लागला. फिरत्या चाकावर ताटल्या-वाट्या धरायच्या, त्या चकचकीत होईपर्यंत. ताटली चकचकीत व्हायची आणि धरणारा काळा. संध्याकाळी घरी आला की फक्त डोळे ओळखू यायचे. तोंडाला रुमाल बांधायचा, पण रुमालाने काय होणार? खोकून खोकून काळं पडायचं. गावाकडे या डोंगरावरून त्या डोंगरावर हाक मारणारा माणूस, वर्षभरात त्याचा आवाज असा झाला की जेवताना भात मागितला तरी मी "काय?" म्हणून विचारायचे.

डॉक्टरांनी छाती तपासली आणि स्पष्ट सांगितलं, हे काम सोड. औषध देतो, पण धूळ रोज आत जात राहिली तर औषध काय करणार?

त्याने घरी येऊन मला विचारलं, "वहिनी, सोडून करू काय?" त्याने काय कमी खटपट केली होती? वॉचमनपासून कुरिअरपर्यंत सगळीकडे विचारून झालं होतं. मला सातवा महिना चालू होता. आणि आमचे हे म्हणजे काळजी वाटली की पेपर उघडून बसणारे. पेपरात तोंड घातलं की प्रश्न सुटला.

कबड्डी मात्र तो सोडत नव्हता. पेणकरपाड्यातली गाववाली मुलं संध्याकाळी मातीत खेळायची, हा त्यांच्यात घुसला. मग बिल्डिंगमधली आणखी दोघं-तिघं गेली आणि टीम झाली. अर्धी पाड्यातली, अर्धी आमच्यासारखी मुंबईहून आलेली. त्या वर्षी पाड्याच्या मैदानावर टुर्नामेंट भरली. आमची पोरं साखळीतली पहिलीच मॅच हरली होती. एक टीम वेळेवर आलीच नाही म्हणून पुढे गेली आणि मग कशीबशी सेमी फायनलला पोचली. तेव्हा कोणीतरी बातमी आणली, की एका मोठ्या कंपनीचा माणूस सामना बघायला येतोय. कंपन्यांच्या स्वतःच्या कबड्डीच्या टीम असायच्या. चांगला खेळाडू दिसला की नोकरीवर घ्यायचे. कायमची नोकरी, सकाळी सही करायची आणि दुपारी मैदानावर. खरं सांगायचं तर तो माणूस येणार होता समोरच्या टीमसाठी. ती नावाजलेली होती. पण येणार तर होता. त्या दिवशी दीर घरून निघताना माझ्या पाया पडला. मी म्हटलं, "भावोजी, देवाच्या पडा, माझ्या काय पडताय?" तर म्हणाला, "देवाला रोज सांगतोय. आज तुम्हाला सांगितलं."

सामना दुपारचा होता, कारण संध्याकाळी लाइट राहील याचा भरवसा नसायचा. आमची सगळी बिल्डिंग लोटली होती. पोटामुळे मला दोरीच्या कडेला खुर्ची दिली. शेजारी पाड्यातले एक म्हातारे बाबा बसले होते, एके काळी स्वतः खेळलेले. आमच्या लोकांनी ढोल आणला होता, पिपाण्या आणल्या होत्या आणि घराघरातून थाळ्या-चमचे आणले होते. थाळ्या दिरानेच गाळ्यातून आणून वाटलेल्या, जरा डाग राहिला म्हणून मालकाने बाजूला काढलेल्या. त्या बडवून बडवून लोकांनी असा काही गोंधळ घातला, की माझ्या पोटातलं पोर लाथा मारायला लागलं.

दीर पहिल्या चढाईला गेला. सुंदर गेला, कोपऱ्यातल्या माणसाला हात लावून मागे वळला. आणि पंचांनी शिट्टी मारली. दम ऐकू येत नाही. चढाई फुकट आणि वर समोरच्यांना एक गुण.

कबड्डीत दम घुमवावा लागतो, म्हणजे चढाई करणाऱ्याने "कबड्डी कबड्डी" एका श्वासात आणि पंचांना ऐकू जाईल असं म्हणायचं. हा म्हणत होता. मला त्याचे ओठ दिसत होते. पण त्याचा तो बसलेला आवाज आणि भोवती ढोल! पंच बिचारे हाताचा कानाला आडोसा करून त्याच्या मागे मागे चालत होते. दुसऱ्या चढाईला पुन्हा शिट्टी. आमचे लोक खवळले. पंच विकला गेलाय, पंचाला बाहेर काढा. आणि मग काय, आणखी जोरात थाळ्या. जेवढ्या थाळ्या वाजत तेवढा त्याचा दम बुडत होता, आणि जेवढा तो बुडत होता तेवढे हे लोक बडवत होते.

"दम हाय पोराला," बाबा म्हणाले. "पन आयकायला येत न्हाय. कोन आयकनार या बाजारात?"

कंपनीचा माणूस पंचांच्या टेबलामागे खुर्चीवर होता. समोरच्या टीममधल्या एका उंच पोराकडे बघून मान डोलवत होता. आमच्याकडे त्याने बघायचंच सोडलं होतं.

हाफ टाइमला दीर दोरीपाशी आला. गुडघे सोललेले, ओठ कोरडे. "वहिनी, मी म्हणतोय हो. दम सोडत नाहीये मी. पण पंच म्हणतात, ऐकू आलं नाही तर आम्ही तरी कसं द्यायचं? त्यांचंही खरं आहे." मी त्याला पाणी दिलं आणि तडक ह्यांना हाक मारली. "अहो, लोकांना गप्प बसायला सांगा. याचा आवाज दबतोय."

हे माझ्याकडे असे बघायला लागले जसं काही मी लग्नात सनई बंद करायला सांगितली. "वेडी झालीस का? पब्लिकच गप्प बसली तर पोरांनी खेळायचं कुणाच्या जिवावर?" बेनना हिंदीत समजावलं, तर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तुम टेन्शन मत लो, इस टाइम पे ठीक नहीं." सातव्या महिन्यातल्या बाईचं कोण ऐकतंय! मला अक्षरशः रडू यायला लागलं. एका माणसाची छाती जातेय, ती वाचवायची संधी समोर खुर्चीवर बसलीये आणि त्याचीच माणसं प्रेमाने ती घालवतायत.

तेवढ्यात माइकवर आवाज आला. माइक आमच्याच बिल्डिंगमधल्या एकाकडे होता. "सूचना. सिल्व्हर पार्कच्या बाजूच्या बिल्डिंगना पाणी आलेलं आहे. रहिवाशांनी कृपया नोंद घ्यावी."

त्या वेळचा मीरा रोड ज्याने काढलाय त्यालाच कळेल. पाणी कधी यायचं त्याला काही धरबंध नव्हता. दोन-दोन दिवस थेंब नाही, आणि आलं की तळमजल्यावरच्या नळाला, तेही जेमतेम. जो आधी पोचला त्याचे हंडे भरले, बाकीचे टँकरच्या मागे. सूचना संपायच्या आत मैदान हललं. बायका निघाल्या, पुरुष निघाले. ढोलवाला ढोल उपडा टाकून पळाला. थाळ्यासुद्धा गेल्या, बादल्यांवर झाकायला. माइकवाला स्वतः माइक टेबलावर ठेवून गेला. हे जाता जाता म्हणाले, "तसंही हरलोच आहोत. तू उठू नकोस, मी भरतो." समोरच्यांची माणसं टेम्पोने आली होती, ती जिंकलोच म्हणून रस्त्यापलीकडे उसाचा रस प्यायला गेली होती.

दुसरा हाफ सुरू झाला तेव्हा मैदानाभोवती रिकाम्या खुर्च्या, बाबा, मी आणि इकडेतिकडे चारदोन माणसं. दीर चढाईला गेला आणि मला ऐकू आलं. बारीक, घोगरं, पण अखंड. कबड्डी कबड्डी कबड्डी. पंचांनी कानावरचा हात खाली घेतला.

पहिल्याच चढाईत दोघांना मारून आला. बाबांनी तोंड उघडलं, मी त्यांचा हात धरला. "बाबा, गप्प. काही बोलू नका." त्यांना लगेच समजलं. ते खांद्यावरच्या पंच्याचा बोळा तोंडाशी धरून बसले. मला टाळ्या वाजवायच्या होत्या, मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले. कडेला कोणी शिट्टी मारायला लागलं की मी अशी बघायचे, की शिट्टी घशातच राहायची. तो जायचा, एखादा मारून यायचा, आणि आमची पोरं मग पकडी करायला लागली. पहिल्या हाफला तीच पोरं खांदे पाडून उभी होती. समोरच्यांची अख्खी टीम बाद झाली तेव्हासुद्धा मैदानावर चिडीचूप. रसवाली मंडळी परत येऊन बघतात तो फळ्यावरचे आकडे बदललेले. काय झालं ते कळेपर्यंत ती ओरडायचीसुद्धा विसरली.

शेवटच्या चढाईला गुण बरोबरीत होते. दीर आत गेला आणि घोट्याला धरून पाडला त्यांनी. एक बसला, दुसरा बसला, मग कोण कोण ते कळेना, नुसता माणसांचा ढीग. तो ढीग मध्यरेषेकडे बोट-बोट सरकत होता. मी श्वास धरला होता. पंच मातीत गुडघे टेकून, कान जमिनीला लावून ऐकत होते. आणि ढिगाखालून येत होतं, कबड्डी, कबड्डी, कबड्डी. मग एक हात बाहेर आला आणि त्याची बोटं रेषेला लागली. पंचांनी शिट्टी मारून हात आमच्या बाजूला केला.

मी रडले. बेन नाही, मी रडले.

कंपनीचा माणूस उठून आला. दिराला विचारलं, "नाव काय तुझं?" दिराने तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. होता नव्हता तो सगळा संपला होता. मी खुर्चीवरून उठले आणि त्याचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं सांगितलं. "काम काय करतो?" मी म्हटलं, "स्टीलच्या भांड्यांना पॉलिश. त्या धुळीनं आवाज बसलाय. डॉक्टर म्हणतात, सोडलं तर सुटेल." त्याने दिराचे हात बघितले. मग म्हणाला, "सोमवारी ऑफिसला पाठवा."

मी म्हटलं, "उद्याची फायनल हरले तरी पाठवू?"

तो हसला. "हरले तरी पाठवा."

बरं झालं विचारलं. हंडे भरून झाल्यावर ओल्या पँटींनी लोक परत आले, निकाल कळला, आणि त्यांनी दिराला खांद्यावर घेऊन जी आरडाओरड केली ती दिवेलागणीपर्यंत. तोवर आमचे हे पानवाल्याला शेवटची चढाई अॅक्शन करून दाखवत होते. दुसऱ्या दिवशी पाणी आलं नाही. त्यामुळे फायनलला सगळे हजर, वर पलीकडच्या पूनम सागर कॉम्प्लेक्सची माणसं दुसरा ढोल घेऊन. सपाटून हरलो. ती मॅच गच्चीवर कोणाला आठवत नाही.

मी ह्यांना एकदा सगळं सांगून बघितलं. म्हणाले, "तुझी तेव्हाची अवस्था काय होती, तुला काय आठवणार?" मी नाद सोडला. पाणीही लागणारच होतं घरात. आणि दिराला विचारलं तर तो नुसता हसतो. म्हणतो, "राहू द्या वहिनी, खूश आहेत ना."

त्या सोमवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला आणि महिन्याभरात त्याने गाळा कायमचा सोडला. खोकला एकदम गेला नाही. आधी रात्रीचा कमी झाला, मग काळं पडायचं थांबलं. माझा मुलगा झाला तोवर त्याचा आवाज मोकळा व्हायला लागला होता, रोज थोडा थोडा. संध्याकाळी जिन्यातूनच "वहिनी!" म्हणून हाक मारत यायचा. नुकतं झोपलेलं पोर दचकून उठायचं आणि भोकाड पसरायचं. हे चिडायचे, त्याला सांग जरा हळू बोलायला. मी पोराला खांद्यावर टाकून थोपटत बसायचे. दिराला हळू बोल म्हणून मी एकदाही सांगितलं नाही.