जानेवारीत दिवाळीचा वास

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवासमोर बसूनसुद्धा मी ही गोष्ट अर्धीच सांगायचे आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून उठायचे. मग तुम्हाला काहून सांगते आहे? तुम्ही ओळखीचे नाही म्हणून असेल. नाहीतर येत्या शनिवारी मला उमरेडला जायचं आहे, म्हणून.

मी नागपूरला मुलींच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. चांगली शिकवते म्हणतात लोक — आणि म्हणताना हमखास त्या रॉकेटची आठवण काढतात. बाईंनी पोट्ट्यांकडून रॉकेट उडवून घेतलं होतं, शिक्षणखात्याचे साहेब टाळ्या वाजवत उभे राहिले होते. मी हसते. दहा-बारा वर्षं हसतेच आहे.

देशाचा पहिला उपग्रह वर गेला, त्याच्या पुढल्या वर्षीची गोष्ट. आमच्या पोट्ट्यांच्या अंगात आकाश संचारलं होतं. विज्ञान मंडळानं ठरवलं, आपणही सोडायचं. आमचं रॉकेट म्हणजे काय हो — हातभर कागदी नळी! पण ती नळी पाहायला पाहिजे होती तुम्ही. नववीतल्या कमलनं बनवली होती. कमल कोष्ट्याची पोरगी, घरी माग. तिनं घरून सुताला लावायची खळ आणली, वर्तमानपत्राचे थर त्या खळीनं चिकटवत गेली, आणि वाळल्यावर नळी अशी कडक झाली की टेबलावर आपटली तर टणटण वाजायची. नळीत भरायचा मसाला आम्ही प्रयोगशाळेत चिमूटचिमूट जाळून पाहायचो. त्यात साखर असायची, त्यामुळे पांढरा धूर आणि पाक करपल्याचा वास. मुख्याध्यापिकाबाई दारातून डोकावून विचारायच्या, आज काय जिलेबी आहे का?

पहिल्या खेपेला आत कोणी बसणार नाही, हेही कमलनंच ठरवलं. बाकीच्यांना नाकतोडा बसवायचा होता. त्याचं नावही ठेवून झालं होतं — पांडोबा. कमल म्हणाली, आधी रिकामं जाऊ द्या; सरळ जातं का, धड खाली येतं का ते पाहू, मग पांडोबाचं पाहू. त्यावर दोन दिवस भांडण. शेवटी तीच जिंकली, कारण तिच्याशी वाद घालून माणूस थकायचं.

मीही थकायचे. खरं सांगू? ती पोरगी मला आवडायची नाही. हुशार होती, पण मी एक सांगितलं की ती दोन विचारणार. रोज दुपारी मैदानावर आमची रंगीत तालीम व्हायची. एकीनं वारा पाहायचा, एकीनं बॅटरी, एकीनं मैदानात घुसणारी कुत्री हाकलायची. प्रत्येकीनं ओरडून ‘तयार’ म्हणायचं, मग दहापासून उलटं मोजायचं. आणि काही खटकलं तर ‘थांबा’ म्हणायचं काम एकटीचं — कमलचं. बाप्पा, किती वेळा थांबवायची ती! तीनवर आलो की थांबा, वायर हलली. दोनवर आलो की थांबा, नळी वाकडी दिसून राहिली. पुन्हा दहापासून. मला वाटायचं, हिला मिरवायचं आहे. आज कळतं, त्या मैदानावर मोजणीचा अर्थ समजलेली ती एकटीच होती.

पुढे सांगायला जीभ वळत नाही. बघा, मी पुन्हा नळीचं आणि पांडोबाचंच सांगत बसले.

शाळेच्या प्रदर्शनात साहेबांसमोर रॉकेट सोडायचं होतं. त्याच्या दोन दिवस आधी अवकाळी पाऊस आला. जानेवारीत येतो आमच्याकडे कधी कधी. नळीच्या आत बसवायची, मसाला भरून ठेवलेली पुंगळी मी हातात घेतली तर ती बोटांना चिकटायला लागली. ओल धरली होती. असा मसाला नुसता फुसफुसतो, माहीत होतं मला. साहेबांना सांगता आलं असतं — पावसानं घोळ केला, पुढल्या आठवड्यात या. त्यात काय कठीण होतं? पण मी शिक्षकांच्या खोलीत महिनाभर फुशारकी मारली होती, रॉकेट मैदानातल्या पिंपळाच्या वर गेलं नाही तर नाव बदलीन म्हणून. माझं नाव! त्या नावासाठी मी संध्याकाळी इतवारीत गेले आणि फटाक्याच्या दुकानातून, लग्नाच्या वरातीत सोडतात तसला सगळ्यात मोठा बाण घेऊन आले.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी पोट्ट्या प्रार्थनेला उभ्या होत्या, तेव्हा प्रयोगशाळेचं दार लावून मी कमलच्या नळीत तो बाण बसवला. त्यांची पुंगळी शाळेमागच्या नालीत टाकली. मग मैदानावर जाऊन कामं बदलली. जवळ राहिली असती तर कमलनं नळी उचलून पाहिली असती, वजन ओळखलं असतं, थांबा म्हटलं असतं. म्हणून तिला पार कुंपणापाशी पाठवलं, पडलेली नळी उचलून आणायला. ‘थांबा’ म्हणायला त्या दिवशी कोणालाच ठेवलं नाही. मोजायला माईकवर वैजयंतीला उभं केलं, धंतोलीतल्या डॉक्टरांची मुलगी, आवाज गोड. दहा, नऊ, आठ… आणि गेला की वर! पिंपळाच्या पुष्कळ वर गेला. साहेब उभे राहिले, बँड वाजला, पोट्ट्या एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मीसुद्धा रडले. त्या रडण्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

नळी कुंपणापलीकडे पडली, कमलला सापडली नाही. पण वारा कुंपणाकडे होता. धूर सगळा कमलकडे गेला.

दुपारी वर्गात पेढे वाटत होते. कमल उभी राहिली. तिच्या डोळ्यांत भांडण नव्हतं, तक्रार नव्हती. तिला खरंच कोडं पडलं होतं, आणि कोडं घेऊन ती बाईंकडे आली होती.

“बाई, आपल्या मसाल्याचा वास नाही आला. साखर करपल्यासारखा. मले दिवाळीचा वास आला.”

तेव्हा तरी मला गप्प बसता आलं असतं. बघू म्हणून टाळता आलं असतं. मी काय केलं?

“माईक वैजयंतीला दिला म्हणून पोट दुखतं ना तुझं?” मी म्हटलं. “दुसऱ्याचं चांगलं पाहवत नाही तुला.”

सगळा वर्ग हसला. कमल खाली बसली. पुढे कितीतरी दिवस पोट्ट्या तिला पाहिलं की नाक फेंदारून हुंगायच्या — दिवाळी आली का गं, दिवाळी? मी ऐकायचे आणि ऐकलं नाही असं दाखवायचे. विज्ञान मंडळात ती परत आली नाही. पांडोबाही कधी उडाला नाही. मॅट्रिकनंतर पाया पडायला आली तेव्हा मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ठेवला, आणि नुसता आशीर्वाद दिला.

मागच्या महिन्यात ती माझ्या दारात उभी! आता उमरेडच्या शाळेत विज्ञान शिकवते. तिच्या मुली रॉकेट सोडणार होत्या, बाई तुम्हीच पाहुण्या म्हणून या, म्हणाली. मला वाटलं, आली आता माझी वेळ. पण तिच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. गेले मी. हार घातला, खुर्चीवर बसवलं. गाव जमलं होतं. मुलींनी मोजलं, बटण दाबलं — आणि फुस्स. पांढरा धूर निघाला, नळी जागची हलली नाही. कमलनं शांतपणे माईक घेतला आणि सांगितलं की उडलं नाही, काहून नाही उडलं ते आम्ही शोधू, आणि पुढल्या महिन्यात परत उडवू. एवढंच. मग नळी गार होईस्तोवर सगळ्यांना लांब थांबवलं आणि मुलींना घेऊन ती उघडायला बसली. एक लहानगी रडायला आली होती. एवढे पाहुणे आले, लाज वाटून राहिली, म्हणाली.

“लाज कायची वं?” कमल म्हणाली. “आपण खोटं थोडीच बोललो?”

मी खुर्चीतच होते, चार हातांवर. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. पाहायचं कारणच नव्हतं, कारण तिला माहीत नाही. हे मला कळलं ते परतताना एसटी स्टँडवर. बस यायची होती. कमल हसत हसत जुन्या आठवणी काढत होती, आणि त्या हसण्यातच सहज म्हणाली —

“तुम्ही रागावल्या ना बाई, तवा मले वाटलं, माझंच नाक चुकलं असन. मग कितीक वर्षं कशाचा वास आला, तरी आधी दुसऱ्याले विचारायची मी.”

ऐकलंत ना? मला वाटत होतं, ती मला खोटारडी समजत असेल. तशी समजली असती तर किती बरं झालं असतं! तिनं तर माझ्यावर विश्वास ठेवला, आणि स्वतःवरचा काढून घेतला. तरी विज्ञानच शिकली, शिकवायला लागली, आणि भर गावासमोर उडलं नाही असं म्हणायला तिची जीभ अडखळली नाही. हे तिनं कुठून आणलं, देव जाणे. माझ्याकडून नक्कीच नाही.

बस आली. मी, छान झाला हो कार्यक्रम, असं म्हणून चढले. तेव्हाही.

चूक त्यांना सापडली आहे, तिचा निरोप आला. येत्या शनिवारी परत उडवणार आहेत. मी जाणार आहे. वर्गासमोर केलं ते वर्गासमोरच सांगावं लागेल, आणि तेही आधी. नंतर सांगायला बसले आणि नळी खरंच वर गेली, तर त्या आनंदात माझं बोलणं कोणी ऐकणार नाही, आणि मला तेच हवं असेल. मी ओळखते मला. म्हणून मुली ‘तयार’ म्हणायच्या आधी मी माईक मागून घेईन. सांगेन की तुमच्या बाई नववीत होत्या तेव्हा त्यांना फटाक्याचा वास आला होता, कारण तो फटाकाच होता. मी आत ठेवला होता. त्या खरं बोलल्या, आणि मी त्यांना सगळ्यांसमोर खोटं ठरवलं.

मग माईक परत देईन. कमल काय म्हणेल, म्हणेल की नाही, ते तिचं ती पाहील. पोट्ट्यांनी मात्र दहापासून मोजायला लागावं.